मत्स्यटाकीच्या सम्पला बाहेरचा पंप : जोडणी, पाणी आणि वीज

मत्स्यटाकीखालच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीला हौशी मंडळी ‘सम्प’ म्हणतात. वर्तमानपत्राच्या वाचकाला हा शब्द दिसताच कामगारांचा संप आठवणे स्वाभाविक आहे. बांधकामाच्या क्षेत्रात मात्र जमिनीखालच्या पाणीटाकीला हेच नाव रूढ आहे. डिचोलीच्या खनिज पट्ट्यात खाणीच्या तळाशी पाणी साचणाऱ्या खड्ड्यालाही हाच शब्द लागतो आणि तिथले पाणी उपसण्यासाठी काठावर पंप बसवण्याचे तंत्र तेथील कामगारांच्या अंगवळणी पडलेले आहे. घरातल्या मत्स्यटाकीचा व्यवहारही तोच, फक्त आकार लहान. वरच्या टाकीतले पाणी ओसंडून खाली येते, सम्पमध्ये स्पंज, खडे आणि जिवाणूंचे माध्यम यांतून गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. फरक इतकाच की खाणीतला पंप काही तास थांबला तर खड्ड्यात पाणी वाढते. मत्स्यटाकीचा पंप थांबला तर पहिल्या दोन मिनिटांत दिवाणखान्याच्या लादीवर पाणी येऊ शकते आणि पुढच्या काही तासांत मासे गुदमरू शकतात.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर माडाची झावळ वीजवाहिनीवर पडते, वीज जाते, अर्ध्या तासाने येते आणि रात्रीतून तीनदा पुन्हा जाते. परदेशी पुस्तिकांमध्ये पंप चालू असतानाची गणिते सविस्तर दिलेली असतात. येथील घरासाठी जोडणीची आखणी पंप बंद पडण्याच्या क्षणापासून सुरू करणे अधिक शहाणपणाचे. किती लिटरचा पंप, कोणत्या मापाची नळी, छिद्र कुठे, हे सगळे त्यानंतर ठरते.

बाहेरचाच पंप कशासाठी?

पाण्यात बुडवून ठेवायचा पंप स्वस्त असतो, बसवायला सोपा असतो आणि त्याला गळण्याची भीती नसते. लहान टाकीसाठी तोच पुरेसा आहे. बाहेरच्या पंपाचे खरे कारण उष्णता हे आहे. बुडालेला पंप जितकी वीज घेतो, तिचा जवळजवळ सगळा अंश अखेर उष्णतेच्या रूपाने पाण्यात उतरतो. एप्रिल-मे महिन्यांत टाकीतले पाणी आधीच तिशीच्या पुढे गेलेले असते. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली. बाहेरच्या पंपाची मोटर आपल्या उष्णतेचा बराचसा भाग हवेत सोडते. शिवाय तो उघडून साफ करताना पाण्यात हात घालावा लागत नाही.

सह्याद्रीच्या ओढ्यांतले मासे पाळणाऱ्यांना याचे महत्त्व विशेष आहे. गोवा आणि लगतच्या कर्नाटकातील प्रवाहांत आढळणारा ‘पेथिया सेटनाय’ हा लहानसा बार्ब मासा १९९२ साली छापगर आणि साने यांनी शास्त्रीयदृष्ट्या नोंदवला. यांपैकी बी. एफ. छापगर हे १९५१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले संशोधक होते. असे मासे वाहत्या, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्याला सरावलेले असतात. (ही जात असुरक्षित गणली जाते. ओढ्यातून ती पकडून आणणे हा छंद नव्हे.)

येथे एक मोह टाळायला हवा. विहिरीवरचा जुना अर्ध्या अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप घरात पडून असतो आणि तोच लावावा असे वाटते. तो पाणी उंच चढवण्यासाठी घडवलेला असतो, चोवीस तास अखंड चालण्यासाठी नव्हे. तो दिवसाला सुमारे नऊ युनिट वीज खातो. मत्स्यटाकीसाठीचा चाळीस वॅटचा पंप दिवसाला एक युनिटही घेत नाही. त्याहून गंभीर गोष्ट धातूची आहे. अशा पंपांचे अंग बिडाचे आणि आतले फिरते चक्र बहुधा पितळी असते. पितळेत तांबे असते आणि तांबे कोळंबी-गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते. जांभ्या दगडातून पाझरलेले येथील विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. नेमक्या अशाच पाण्यात तांब्याची विषारी क्रिया अधिक तीव्र होते. म्हणून पंप, व्हॉल्व्ह, निपल यांत पितळेचा तुकडाही पाण्याला लागू नये. चुंबकीय जोडणीचा पंप घ्यावा. त्यात मोटरचा दांडा पाण्यापर्यंत पोचतच नाही. चुंबकाच्या ओढीने आतले प्लॅस्टिकचे चक्र फिरते.

बारा लिटर पाण्याचा हिशेब

आता त्या दोन मिनिटांकडे वळू. उदाहरणादाखल १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकी घेऊ. काचेची जाडी सोडून दिली तर या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटरने उतरणे म्हणजे ५.४ लिटर पाणी कमी होणे. खालचा सम्प ७५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३८ उंच आहे. पंप चालू असताना त्याच्या गाळणीच्या कप्प्यांत २२ सेंटिमीटरपर्यंत आणि शेवटच्या, म्हणजे पंपाला पाणी देणाऱ्या २० सेंटिमीटर लांबीच्या कप्प्यात २० सेंटिमीटरपर्यंत पाणी आहे. काठापर्यंत मोकळी जागा उरली सुमारे ४३ लिटरची.

वीज गेली. पंप थांबताच दोन गोष्टी घडतात. ओसंडण्याच्या कडेवरून वाहणारा पाण्याचा थर, साधारण दीड सेंटिमीटर जाडीचा, खाली उतरतो. त्याच वेळी पाणी वर नेणारी नळी उलट्या दिशेने खेचू लागते. तिचे तोंड पाण्यात जितके खोल, तितके पाणी ती सायफनने सम्पमध्ये आणून ओतते. तोंड दहा सेंटिमीटर खोल ठेवले असेल तर ५४ लिटर पाणी खाली येईल, वर नळीतले लिटरभर. मोकळी जागा ४३ लिटरची. राहिलेले बारा लिटर लादीवर. शेणाने सारवलेल्या जुन्या घरात ते निदान जिरेल तरी. लाकडी कपाटाच्या तळाशी वीजजोडणीचा फळा पडलेला असेल तर मात्र बारा लिटर पुष्कळ झाले.

उपाय साधा आहे. नळीचे तोंड पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे, म्हणजे परत येणारे पाणी अकरा-बारा लिटरवर थांबते. तोंड खोल ठेवणे गरजेचेच असेल तर नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाच-सहा मिलिमीटरचे छिद्र पाडावे. पातळी तिथवर उतरताच छिद्रातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे छिद्र शेवाळाने किंवा एखाद्या चिमुकल्या गोगलगायीने बुजते, म्हणून महिन्यातून एकदा काडीने मोकळे करावे.

काही नळकारागीर अशा वेळी वर जाणाऱ्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवण्याचा सल्ला देतात. विहिरीच्या कामात तो योग्यच असतो. मत्स्यटाकीत त्या झडपेवर चिकट थर धरतो, वाळूचा कण अडकतो आणि नेमक्या त्या रात्री ती पुरती मिटत नाही. झडप बसवावी की नाही हा आवडीचा प्रश्न. मात्र तिच्या भरवशावर सम्प काठोकाठ भरू नये.

उलटा अपघातही होऊ शकतो. ओसंडणारे पाणी खाली आणणारी नळी पान किंवा मेलेला मासा अडकून बंद झाली आणि पंप चालूच राहिला, तर तो सम्पच्या शेवटच्या कप्प्यातले पाणी वर नेत राहील. आपल्या उदाहरणात त्या कप्प्यातले २० सेंटिमीटर पाणी आणि तळापासून ५ सेंटिमीटरवर पंपाचे छिद्र धरले तर वर जाऊ शकणारे पाणी साडेदहा लिटर. वरच्या टाकीत त्याने पातळी जवळजवळ दोन सेंटिमीटर चढेल. वर चार सेंटिमीटरची मोकळी कड ठेवली असेल तर काहीच सांडत नाही. म्हणूनच शेवटचा कप्पा हौसेने मोठा करू नये आणि खाली येणारी नळी वर जाणाऱ्या नळीहून बरीच मोठी, शक्यतो दोन पदरी असावी. वर जाणारी २५ मिलिमीटरची असेल तर खाली येणारी ४० ची.

ओढीची बाजू

बाहेरच्या पंपाबाबत सर्वाधिक चुका पंपाच्या अलीकडच्या बाजूला होतात. गोव्यात ज्याने विहीर वापरली आहे, त्याला पंप ‘भरणे’ ठाऊक असते. फुटव्हॉल्व्ह गळला की नळी रिकामी होते, पंप नुसता गुरगुरतो आणि कुणीतरी वरून तांब्याने पाणी ओतत बसतो. विहिरीवर पंप पाण्याच्या वर बसलेला असतो, म्हणून हा खटाटोप. हवेच्या दाबाची मर्यादा सैद्धान्तिकदृष्ट्या सुमारे १०.३ मीटर आणि व्यवहारात सहा-सात मीटर आहे. सम्पचा काठ त्या मानाने काहीच नाही, पण मत्स्यटाकीचे हे छोटे पंप स्वतःहून हवा ओढून काढू शकत नाहीत. नळी सम्पच्या काठावरून वळवून आणली तर पंप पहिल्यांदा कसाबसा चालेल आणि मध्यरात्री वीज परत आल्यावर कोरडा फिरेल. त्याच्या आतला दांडा पाण्यानेच थंड आणि वंगणयुक्त राहतो. कोरडा फिरला की तो तापतो, चिरतो.

म्हणून सम्पच्या बाजूच्या काचेला छिद्र पाडावे आणि पंप त्या छिद्राच्या पातळीला किंवा त्याहून खाली बसवावा. पाणी आपल्या वजनानेच पंपात भरलेले राहते. वीज कितीदाही गेली-आली तरी पंप आपला आपण सुरू होतो. काच हिऱ्याच्या कणांच्या गोल पात्याने, पाण्याची धार सोडत, दाब न देता कापली जाते. छिद्राची कड काचेच्या कडेपासून निदान छिद्राच्या व्यासाइतकी दूर हवी. काच टफन केलेली असेल तर ती कापली जात नाही. पाते लागताच तिचा चुरा होतो. टाकी विकत घेतानाच हे विचारून घ्यावे. काच कापण्याची तयारी नसेल तर बाहेरच्या पंपाचा हट्ट सोडून बुडवण्याचा पंप घेणे हाच प्रामाणिक सल्ला.

छिद्रात रबरी वायसरसह टँक निपल बसतो. वायसर सम्पच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकचा नट बाहेरून. तो हाताने घट्ट करून पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, काच तडकते. आतल्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर पिल्ले आणि गोगलगायी थेट चक्रात जातात. तिथून पंपापर्यंतची नळी पंपाच्या तोंडाहून एक माप मोठी, शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवावी. तिला मध्येच उंचवटा नसावा, कारण तिथे हवा अडकते. पंपाच्या तोंडाला थेट एल्बो लावू नये. पाण्याचा जोर कमी करायचा असेल तर तो पंपाच्या पुढच्या, वर जाणाऱ्या बाजूच्या बॉल व्हॉल्व्हने करावा. ओढीच्या बाजूचा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी असतो. चालत्या पंपाला तो नेहमी पूर्ण उघडा हवा. तो अर्धा मिटला की पंप उपाशी राहतो, आतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि चक्र झिजते.

पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि युनियनच्या पलीकडे एकेक व्हॉल्व्ह, ही जोडणी थोडी महाग पडते. ज्यांनी ती वाचवली, त्यांना पंप साफ करण्यासाठी पहिल्या वर्षीच नळी करवतीने कापावी लागते. पंपाच्या तोंडाजवळ वीतभर लवचीक नळी आणि खाली जाड रबराचा तुकडा दिला की कंपनाचा आवाज कपाटात घुमत नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप, बाकी सांध्यांना सॉल्व्हंट सिमेंट. पावसाळ्याच्या दमट हवेत सिमेंटला पूर्ण एक दिवस द्यावा.

वर जाणारी नळी

पंपाच्या खोक्यावर छापलेला ‘ताशी इतके लिटर’ हा आकडा शून्य उंचीचा असतो. आपल्या टाकीत सुमारे २२० लिटर पाणी. ते ताशी पाच-साडेपाच वेळा फिरवायचे तर ताशी १२०० लिटर पुरतात. हे पाणी सव्वा-दीड मीटर चढवायचे आहे. त्यात घर्षणाची भर पडते. अडीच मीटर नळी आणि तीन एल्बो धरले तर २५ मिलिमीटरच्या नळीत ही भर ढोबळ हिशेबाने ३५ ते ४० सेंटिमीटर उंचीइतकी, आणि २० मिलिमीटरच्या नळीत जवळजवळ मीटरभर. म्हणजे एक माप लहान नळी घेऊन वाचवलेले पैसे मोठा पंप आणि दरमहाचे वीजबिल यांतून दामदुप्पट जातात. पंपासोबतच्या पत्रकात उंचीनुसार प्रवाहाचा आलेख असतो. दोन मीटरच्या रेषेवर ताशी १२०० ते १५०० लिटर देणारा पंप निवडावा.

वीज आणि खारा वारा

हरमल, मांद्रे, मोरजी या किनारपट्टीत खारा वारा प्लगच्या पितळी पिना वर्षभरात काळ्या करतो. पावसाळ्यात सॉकेटमध्ये मुंग्या घर करतात, पाली स्विचबोर्डात शिरतात. म्हणून सॉकेट कपाटाच्या आत, सम्पच्या वर नसावे. बाहेर, भिंतीवर, टाकीच्या पाण्याच्या वाटेपासून दूर असावे. पंपाकडून येणारी वायर आधी सॉकेटच्या खाली झुकून मग वर चढावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब खालीच गळतो. टाकीच्या मंडळाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट तपासलेले अर्थिंग, या दोन बाबतींत काटकसर करू नये. ज्या पाण्यात घरातली मुले हात घालतात, ते हे पाणी आहे.

वीज तासन्‌तास गेली तर पंपाहून मोठी चिंता जिवाणूंची. गाळणीच्या माध्यमात वाढलेले, अमोनिया पचवणारे जिवाणू प्राणवायूवर जगतात. पाणी थांबले की काही तासांत त्यांचा ऱ्हास सुरू होतो. घरातला इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा असेल तर चाळीस वॅटचा पंप त्यावर निश्चिंत चालतो. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर घरघरते आणि तापते. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात. हानी वजा करून आणि बॅटरी पुरती न पिळता निम्मे धरले तरी एकटा पंप वीसेक तास निघतो. पंखे आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर अर्थातच नाही. तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप सम्पच्या गाळणीच्या कप्प्यात सोडावा आणि माशांना खाणे देणे थांबवावे.

पाणी बदलताना

पेडण्यात चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे, डिचोलीत नळाचे किंवा स्वतःच्या विहिरीचे, कोणतेही पाणी असो, सम्पचा एक मोठा फायदा येथे कळतो. बदल वरच्या टाकीत हात न घालता सम्पमध्येच करता येतो: पंप बंद करावा, परत आलेले पाणी सम्पमधून काढावे, नवे पाणी घालावे आणि पंप सुरू करावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने मारलेले असावे, नाहीतर ते सर्वप्रथम गाळणीतल्या जिवाणूंवर पडते. नदी गढूळ झाल्यावर पावसाळ्यात क्लोरीनची मात्रा वाढलेली असू शकते, तेव्हा चाचणी करूनच पाणी घालावे.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण त्याचा मऊपणा दुसरा प्रश्न निर्माण करतो. आम्लता थोपवणारे क्षार त्यात कमी असल्याने काही आठवड्यांत टाकीचे पाणी अधिकाधिक आंबट होत जाते. यावरचा उपाय गोव्याच्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या मागच्या दारी पडलेला असतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ उकळून, वाळवून, जाळीच्या पिशवीत बांधून सम्पमध्ये ठेवल्या की त्यांतला चुना सावकाश विरघळतो. खनिज पट्ट्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोहही असते. ते हवेशी संयोग पावून तांबूस साका धरते आणि तो पंपाच्या चक्रावर बसतो. असे पाणी बादलीत रात्रभर हवा सोडून, साका खाली बसल्यावर वापरावे.

मार्च ते मे या काळात बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी केवळ शेवटच्या कप्प्यात दिसते. वरच्या टाकीची पातळी ढळत नाही. त्यामुळे चार दिवस गावाला गेलेल्या कुटुंबाचा पंप कोरडा पडण्याची भीती खरी आहे. त्या कप्प्यात पातळी उतरल्यावर वीज तोडणारा फ्लोट स्विच बसवणे हा त्यावरचा बंदोबस्त.

जोडणी पूर्ण झाल्यावर मासे सोडण्याआधी एक दिवस नुसते पाणी फिरवावे आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा. ओलावा बोटाला कळण्याआधी कागदाला कळतो. मग मेन स्विच मुद्दाम बंद करून पाणी सम्पमध्ये कुठवर चढते ते पाहावे आणि त्या पातळीवर काचेला बाहेरून रंगीत पट्टी चिकटवावी. पुन्हा वीज द्यावी, पुन्हा तोडावी. दहा वेळा तरी. पंप दर खेपेस हवेचा बुडबुडा न अडकता सुरू व्हायला हवा. पुढे पाणी घालताना, पंप थांबलेला असेल तेव्हा, पातळी त्या पट्टीच्या वर जाऊ देऊ नये. पंपाची रबरी कडी आणि आतला दांडा यांचा एक जोड सुरुवातीलाच विकत घेऊन ठेवावा. म्हापशाच्या दुकानात तो मागवून मिळेपर्यंत आठवडा जाऊ शकतो आणि टाकी तेवढे थांबत नाही.